किरणोत्साराचा वेग बाहेरून बदलतो का? कुकडीकाठच्या राखेवरून एक विचार

आजचा विषय भौतिकशास्त्राचा वाटेल, आणि तो तसा आहेही. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना तो आपला वाटतो, कारण त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: एखादा नियम आज, इथे, आपल्यासमोर खरा ठरला, म्हणून तो लाखो वर्षांपूर्वीही तसाच होता असं आपण कोणत्या आधारावर म्हणतो? हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आपण आपल्याच मुलखातलं एक उदाहरण घेऊ.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचं गाव आहे. तिथे नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सापडला. आता तुम्ही म्हणाल, शिवनेरी, जीवधन, नाणेघाट, सगळा ज्वालामुखीचाच तर कातळ आहे, त्यात नवल काय? नवल असं, की तो कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. बोरीची राख त्या मानाने अगदी अलीकडची, आणि ती इथली नाही. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून ती वाऱ्याबरोबर आली, असं मानलं जातं. तशीच राख बारामती तालुक्यात कऱ्हेकाठी मोरगावलाही आहे.

या राखेला महत्त्व आलं ते तिच्या शेजारी मिळालेल्या दगडी हत्यारांमुळे. हातकुऱ्हाडी, फरश्या, म्हणजे पुरातत्त्वज्ञ ज्यांना अश्युलियन म्हणतात ती, आदिमानवाने घडवलेली हत्यारं. राखेचं वय कळलं की या खोऱ्यात ती हत्यारं घडवणारा माणूस कधी वावरत होता, हेही कळणार.

मग वय काढलं. डेक्कन कॉलेजचे आणि इतर संस्थांचे अभ्यासक यात होते. १९८९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या राखेची माहिती प्रसिद्ध झाली आणि पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय निघालं सुमारे १४ लाख वर्षे. १९९५ मध्ये त्याच पद्धतीच्या सुधारित रूपाने, म्हणजे आर्गॉन-आर्गॉनने, आकडा आला सुमारे ६ लाख ७० हजार. त्याच दशकात दुसऱ्या गटाने राखेतल्या काचेची रासायनिक घडण आणि तिच्यातले युरेनियमच्या विखंडनाचे माग तपासले. त्यांनी सांगितलं, ही टोबाच्या सगळ्यात अलीकडच्या महास्फोटाची राख, वय सुमारे ७५ हजार वर्षे. पुढे २०११ मध्ये आणखी एका अभ्यासाने बोरी-मोरगावची राख टोबाच्या जुन्या स्फोटाची, सुमारे ८ लाख वर्षांची, असा निष्कर्ष काढला.

एकच राख, आणि वयं १४ लाखांपासून ७५ हजारांपर्यंत. ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येणार, की ज्या घड्याळाने हे मोजलं ते घड्याळच कधी मागे, कधी पुढे जात असेल. किरणोत्साराचा वेग बाहेरच्या कशाने बदलत असेल: उष्णतेने, दाबाने, सूर्याने. आणि तसं असेल, तर बोरीच काय, पृथ्वीचं वयसुद्धा संशयात येतं. हा संशय मोठा आहे. म्हणून तो नीट तपासू.

घड्याळ चालतं कसं

निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० या जातीचा असतो. तो अस्थिर आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे, म्हणजे आज जितके अणू आहेत त्यातले निम्मे उरायला एवढा काळ लागतो. ऱ्हास होणाऱ्या दर शंभरांतले सुमारे ८९ अणू कॅल्शियम होतात आणि सुमारे ११ आर्गॉन. आर्गॉन हा वायू. दगड वितळलेला असतो तोवर तो निसटून जातो. दगड थंड झाला की आत अडकतो आणि साठत जातो. किती पोटॅशियम आहे, किती आर्गॉन साठला आहे, आणि साठण्याचा वेग किती, या तिन्हींवरून वय निघतं.

आपल्याकडे पूर्वी लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. या घड्याळावर तीन प्रकारच्या शंका घेता येतात. भोक लहानमोठं झालं असेल, ही वेगाबद्दलची शंका. वाटीत आधीच थोडं पाणी असेल किंवा कुणी काढून घेतलं असेल, ही साठ्याबद्दलची शंका. आणि बघणाऱ्याला डुलकी लागली असेल, ही मोजणाऱ्याबद्दलची शंका. तिन्ही वेगळ्या आहेत. एकीचा पुरावा दुसरीसाठी चालत नाही. आपल्या विषयातला बराच गोंधळ या तिघींची सरमिसळ केल्याने होतो.

न्यायदर्शनात यासाठी एक नेमका शब्द आहे: उपाधी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे बरोबर. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे बरोबर नाही. लोहाराच्या भट्टीतला लालभडक लोखंडाचा गोळा बघा, अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का? सरपण ओलं म्हणून. ते ओलं सरपण ही उपाधी, म्हणजे नियमाला चिकटलेली, न सांगितलेली अट. चार्वाकाचा आक्षेप असा, की न दिसलेली उपाधी कुठेतरी नसेलच याची खात्री कोण देणार? ‘किरणोत्साराचा वेग स्थिर असतो’ या विधानाला आपण हाच आक्षेप लावू आणि उपाधी शोधू.

वेग बदलण्याचे प्रयत्न

शास्त्रज्ञांनी हा शोध पहिल्यापासून घेतला. किरणोत्साराचा शोध १८९६ चा. दहाएक वर्षांतच रदरफोर्ड आणि पेटाव्हेल यांनी रेडियमपासून निघणारा वायू पोलादी भांड्यात कोंडून त्यात कॉर्डाइटचा स्फोट केला. तापमान अडीच हजार अंशांच्या आसपास आणि दाब हवेच्या हजारपट. किरणोत्सारात ध्यानात घेण्याजोगा फरक पडला नाही. १९१३ मध्ये मेरी क्यूरी आणि कामरलिंग ओन्स यांनी उलट टोक गाठलं: रेडियम द्रवरूप हायड्रोजनच्या थंडीत, म्हणजे उणे अडीचशे अंशांच्या आसपास ठेवलं. तिथेही फरक नाही.

याचं कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. ज्वलन, रासायनिक क्रिया, भट्टीची उष्णता या सगळ्यांचा व्यवहार अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी, आणि तो एका अणूमागे काही इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा. अणुकेंद्रातला व्यवहार लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा. वाड्याच्या अंगणात कितीही गलका झाला तरी तळघरातल्या तिजोरीला त्याचा पत्ता नसतो, तसं हे आहे.

पण एक पळवाट आहे, आणि ती महत्त्वाची आहे. काही अणुकेंद्रं स्वतःच्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि त्यामुळे बदलतात. याला इलेक्ट्रॉन-ग्रहण म्हणू. इथे तिजोरीला अंगणाकडे उघडणारी एक खिडकी आहे. केंद्राजवळ इलेक्ट्रॉन किती दाट आहेत यावर ऱ्हासाचा वेग ठरतो, आणि ती दाटी रासायनिक बंधाने थोडी बदलू शकते.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे बेरिलियम-७. विश्वकिरण हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनवर आदळून तो तयार होतो आणि पावसाबरोबर जमिनीवर उतरतो. आंबेगावच्या भातखाचरात आषाढात पडणाऱ्या पावसातही तो असतो, अत्यल्प. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५३ दिवस. या अणूत इलेक्ट्रॉन फक्त चार, आणि त्यातले दोन बाहेरच्या बंधांत गुंततात. त्यामुळे शेजार बदलला की परिणाम जाणवतो. एमिलिओ सेग्रे यांनी १९४७ मध्ये ही शक्यता मांडली आणि पुढच्या दोन वर्षांत ती प्रयोगाने दिसली. १९९९ मध्ये कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधले अमलान राय आणि सहकाऱ्यांनी सोन्यातल्या आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडमधल्या बेरिलियम-७ च्या वेगात सुमारे पाऊण टक्क्याचा फरक नोंदवला. २००४ मध्ये जपानी गटाने कार्बनच्या साठ अणूंच्या पिंजऱ्यात तो अणू कोंडला, तेव्हा अर्धायुष्य ५३.१ वरून ५२.७ दिवसांवर आलं.

म्हणजे उपाधी सापडली! ‘वेग कशानेच बदलत नाही’ हे विधान जसंच्या तसं खरं नाही. आणि लक्षात घ्या, पोटॅशियमचं आर्गॉन होतं तेही इलेक्ट्रॉन-ग्रहणानेच. म्हणजे बोरीचं घड्याळ नेमकं या खिडकीच्या बाजूचं आहे. तेव्हा हिशेब केलाच पाहिजे.

समजा, बेरिलियममध्ये दिसलेला जवळपास एक टक्क्याचा फरक पोटॅशियमलाही लागू केला. १४ लाखांचा एक टक्का म्हणजे १४ हजार वर्षे. वय १३ लाख ८६ हजार होईल, ७५ हजार होणार नाही. त्यासाठी वेग जवळपास १९ पट वाढायला हवा. शिवाय पोटॅशियममध्ये इलेक्ट्रॉन एकोणीस. बंधात गुंततो तो सगळ्यात बाहेरचा एक, आणि केंद्र ओढतं ते बहुतांशी सगळ्यात आतल्यांपैकी. त्यामुळे त्याच्यावरचा परिणाम बेरिलियमहूनही कितीतरी कमी.

मग १९ पट किंवा त्याहून मोठा फरक कधीच पडत नाही का? पडतो. अणूचे सगळे इलेक्ट्रॉन सोलून काढले तर पडतो. जर्मनीत डार्मस्टाटच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये डिस्प्रोशियम-१६३ हा एरवी स्थिर असणारा अणू पूर्ण सोलला, तर तो अस्थिर झाला, अर्धायुष्य सुमारे ४७ दिवस. १९९६ मध्ये रेनियम-१८७, ज्याचं अर्धायुष्य चार हजार कोटी वर्षांहून अधिक, तो सोलल्यावर ते ३३ वर्षांच्या आसपास आलं. पण अशी अवस्था ताऱ्यांच्या पोटात असते. ज्वालामुखीची उष्णता काही शे ते हजारेक अंशांची, तिथे जड अणू असे नागडे होत नाहीत. कुकडीच्या गाळात तर नाहीच नाही.

सूर्याचा दावा

आता दुसरा संशयित, सूर्य. २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या जेंकिन्स, फिशबाख आणि सहकाऱ्यांनी लक्ष वेधणारा दावा केला. ब्रुकहेवन इथली सिलिकॉन-३२ ची आणि जर्मनीतली रेडियम-२२६ ची जुनी मोजमापं तपासल्यावर त्यांना ऋतूंबरोबर हलणारा, हजारात एक ते तीन एवढा चढउतार दिसला. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या थोडी जवळ असते, जुलैत थोडी लांब. तेव्हा सूर्यातून येणारे न्यूट्रिनो ऱ्हासाचा वेग बदलत असतील, असं त्यांनी सुचवलं. २००६ च्या डिसेंबरातल्या एका सौरज्वालेच्या वेळीही मँगनीज-५४ चा वेग उतरला, असं ते म्हणाले.

आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, त्या सूर्याच्याही रेडिओलहरी टिपतात. त्यामुळे सूर्याचा प्रत्येक झटका इथवर पोचतो हे आपल्याला नवं नाही. प्रश्न एवढाच, की तो अणुकेंद्रापर्यंत पोचतो का?

तपासण्याची रीत साधी. अंतर खरंच महत्त्वाचं असेल, तर सूर्यापासून खूप लांब जाणाऱ्या किरणोत्सारी पदार्थात मोठा बदल दिसायला हवा. शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानात प्लुटोनियमवर चालणारे वीजजनित्र होते. वाटेत ते यान शुक्राजवळूनही गेलं. त्याच्या विजेच्या नोंदी २००९ मध्ये तपासल्या, अंतराबरोबर वेग बदलल्याची खूण मिळाली नाही. मग २०१६ मध्ये अनेक देशांच्या मोजमाप-प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र केल्या. उत्तम उपकरणांत वार्षिक चढउतार दहा हजारात एकाहूनही कमी, कित्येकांत लाखात एकाच्या आसपास. आणि जो काही किरकोळ चढउतार दिसला, तो प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळ्या महिन्यात शिखर गाठत होता.

हा शेवटचा मुद्दा निर्णायक आहे. सूर्य तर सगळ्यांना एकच. तो कारण असता तर सगळीकडे एकाच वेळी फरक पडला असता. ज्याची वेळ जागेगणिक बदलते, ते कारण जागेतच असणार: खोलीचं तापमान, हवेतला ओलावा, हवेची घनता, उपकरणाची वीज. घटिकापात्र नीट होतं, बघणाऱ्याला ऋतूप्रमाणे डुलकी लागत होती. पण म्हणून तो दावा वाया गेला असं आम्ही म्हणणार नाही. त्याच्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापली उपकरणं पुन्हा पारखली.

भूतकाळाचं काय?

चार्वाक अजून गप्प बसणार नाही. तो म्हणेल, तुमचे सगळे प्रयोग गेल्या सव्वाशे वर्षांतले. लाखो वर्षांपूर्वी वेग हाच होता कशावरून?

याला दोन उत्तरं आहेत. पहिलं आकाशातलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत एक तारा फुटलेला दिसला. त्याचं अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे. स्फोटात तयार झालेल्या कोबाल्ट-५६ च्या ऱ्हासावर त्याचं तेज टिकून होतं, आणि पुढचे कित्येक महिने ते ज्या गतीने मंदावलं, ती गती प्रयोगशाळेतल्या कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याशी जुळली. तो ऱ्हास १ लाख ६८ हजार वर्षांपूर्वी झाला. म्हणजे टोबाचा अखेरचा महास्फोट झाला तेव्हा तो प्रकाश अर्ध्याहून जास्त वाट चालून आला होता.

दुसरं उत्तर आपल्या पायाखालचं. दख्खनच्या कातळाचं वय आर्गॉन-आर्गॉनने काढलं, ते साडेसहा कोटींच्या पुढे आलं. २०१५ मध्ये लाव्हाच्या थरांमधल्या झिरकॉनच्या कणांवरून युरेनियम-शिसे पद्धतीने काढलं, तेही सुमारे ६ कोटी ६० लाखच. एका घड्याळात इलेक्ट्रॉन-ग्रहण, दुसऱ्यात प्रामुख्याने अल्फाकण बाहेर पडणं. दोन्हींची यंत्रणा वेगळी. बाहेरच्या कशाने एक बिघडलं असतं, तर दुसरं त्याच प्रमाणात बिघडण्याचं कारण नव्हतं.

मग बोरीला घोळ कुठे?

वेग सुटला, आता साठा बघू. राख नदीच्या गाळात पडली, आणि गाळ कुठला? सह्याद्रीच्या कातळाचा. उदाहरणासाठी एक हिशेब करू. राख ७५ हजार वर्षांची आहे असं धरा, आणि नमुन्यातल्या पोटॅशियमपैकी शंभरात फक्त दोन भाग ६ कोटी ६० लाख वर्षांच्या कातळाच्या कणांतून आले. तर यंत्र वय दाखवेल जवळपास १४ लाख. कातळात पोटॅशियम राखेपेक्षा कमी असतं, त्यामुळे वजनाने हे प्रमाण दोन टक्क्यांहून बरंच जास्त लागेल, पण मुद्दा कळला. बोरीला हेच घडलं असं आम्ही सांगत नाही. वेगाला हात न लावता वय कितीतरी पट फुगू शकतं, एवढंच यातून दिसतं. वाटीत आधीचं पाणी होतं.

उलटही होतं. ज्वालामुखीची काच काळाच्या ओघात पाणी शोषते, तिच्यातून आर्गॉन निसटतो, वय कमी दिसतं. विखंडनाचे माग तर उष्णतेने बुजतात, अगदी साध्या तापमानालाही काचेत ते हळूहळू पुसट होतात. इथे बाहेरच्या परिस्थितीचा परिणाम खरा आहे आणि मोठाही, पण तो ऱ्हासाच्या नोंदीवर होतो. त्यात भर म्हणजे टोबाच्या जुन्या आणि नव्या राखेची रासायनिक घडण एकमेकींना जवळची. त्यामुळे वाद लांबला.

आंबेगावातून खाली जाणाऱ्या घोड नदीवर, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे ताम्रपाषाणयुगीन वसाहत उकरली. तिची इ.स.पू. १६०० ते ७०० ही कालमर्यादा कार्बन-१४ वरून ठरली. तिथेही सूर्याचा हात आहे, पण वेगळ्या जागी. सूर्याच्या सक्रियतेप्रमाणे हवेत कार्बन-१४ तयार होण्याचं प्रमाण कमीजास्त होतं. म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून तारखा दुरुस्त कराव्या लागतात. सूर्य वाटी भरण्याआधीचं पाणी बदलतो, भोक बदलत नाही.

आता सुरुवातीच्या संशयाकडे येऊ. ‘एकाच राखेची चार वयं निघतात, म्हणून सगळ्या तारखा थापा’ हे अनुमान सदोष आहे. चार वयं निघाली हे कळलं कसं? प्रत्येक गटाने आपला वेग, नमुना आणि रीत उघड मांडली म्हणून. आणि वाद पुढे सरकला तो नमुन्यातले कण वेगळे करून, काचेची घडण तपासून, थरांचा क्रम पुन्हा पाहून. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त चार्वाकाला जे उत्तर दिलं त्याचा आशय असा, की शंका जरूर घ्या, पण ती तुमच्या स्वतःच्याच वागण्याशी विसंगत ठरते तिथे थांबा. चुलीला अग्नी लागेल की नाही यावर वाद घालणाराही भूक लागली की चूलच पेटवतो. आयसोटोप देऊन केलेल्या तपासणीवर जो भरवसा ठेवतो, तिथे अर्धायुष्याचा आकडा जो मुकाट मान्य करतो, त्याने तोच नियम नदीकाठच्या राखेला नाकारायचा असेल, तर निदान कारण द्यावं लागेल.

या वादाची किंमतही लहान नाही. तमिळनाडूतल्या अतिरमपक्कमच्या अश्युलियन हत्यारांचं वय २०११ मध्ये सुमारे १५ लाख वर्षे निघालं, तेही ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० यांच्या ऱ्हासावरून. बोरीची राख ८ लाख वर्षांची असेल, तर कुकडीकाठचा हत्यारं घडवणारा माणूस त्या फार जुन्या परंपरेच्या मधल्या पिढ्यांतला ठरतो. ती ७५ हजारांची असेल, तर प्रश्न पूर्ण पालटतो: इतक्या उशिरापर्यंत तीच हत्यारं इथे टिकली, की गाळाने जुनी हत्यारं आणि नवी राख एकत्र आणून ठेवली? हा वाद सर्वांच्या समाधानाने अजून मिटलेला नाही. तो मिटायचा तर कुकडीच्या काठावरचे ते थर जागेवर राहिले पाहिजेत. वाळूउपसा, पूर आणि बुजवाबुजवी यांत ते गेले, तर घड्याळ कितीही अचूक असलं तरी आपल्याजवळ मोजायला काही उरणार नाही. या तालुक्यात राहणाऱ्यांनी तेवढं तरी ध्यानात ठेवावं, ही विनंती.